चौदा ग्लास, एक घोट

सोम. १ सप्टेंबर १९९७, ईसा टाउन, बहारीन

चहा गॅसवर ठेवून लिहितेय. उतू गेला तर जावो.

आज माझ्या नाकाने ऑफिसात धमाल केली! आमची कंपनी हॉटेलांना वाइन पुरवते आणि मी तिथे सात वर्षं नुसती पत्रं टाइप करते. आज एका हॉटेलाने बारा बाटल्या परत पाठवल्या, चव बरोबर नाही म्हणून. हॅरिससाहेबांनी (पुढे ह.सा., एवढं मोठं नाव कोण लिहीत बसेल) एक उघडून हुंगली. म्हणाले, ठीक तर आहे. मी तक्रारीचं पत्र घेऊन शेजारी उभी. तोंडातून निघूनच गेलं, "सर, इट स्मेल्स लाइक वेट गोणपाट." गोणपाटाला इंग्रजी कुठून आणू?

ह.सा. माझ्याकडे बघतच राहिले. पुन्हा हुंगली. मग भराभर सगळ्या उघडल्या. बारांतल्या पाच मी बाजूला काढल्या. बुचाला बुरशी लागली की असा वास येतो म्हणे, आणि अगदी थोडा असेल तर भल्याभल्यांना कळत नाही. मला कळला, बाप्पा!

बाबा संत्र्याच्या मंडीत होते. पेटीत एक फळ नासलं असेल तर झाकण न उघडता सांगायचे. तेच असेल.

बुध. ३ सप्टें.

ह.सा. सायप्रसला चाललेत. तिथे डोंगरात एक द्राक्षमळा आहे, स्वतःची वाइन करतात. तिची ख्रिसमससाठी निवड करायची आहे, आणि मी बरोबर यावं म्हणतात. मी! मिसेस हॅरिसही येणार, म्हणजे कुणी काही बोलायला नको. जमलं तर पुढे हेच माझं काम. टायपिंग खलास.

अडतीस वर्षांची झाले. मला काहीतरी येतं असं आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. पोळ्या छान येतात म्हणतात, ते सोडून.

बसमध्ये एकटीच हसत होते. बाजूची फिलिपिनो बाई सरकून बसली.

आता यांना कसं सांगायचं.

गुरु. ४ सप्टें.

सांगितलं. हे तुबलीच्या वर्कशॉपमधून ग्रीसचे हात घेऊन आले, मी साबण पुढे करतानाच सांगून टाकलं. नळ तसाच वाहत राहिला.

"टायपिंग करतेस ते ठीक आहे. आता दारू चाखून राहिली का?"

यांचे थोरले भाऊ, दादा, मोहाच्या दारूनेच गेले. चाळिशीही नव्हती. तेव्हापासून यांच्यासाठी पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, म्हणजे नुसती वंदनेतली ओळ नाही. शुक्रवारी रिफाला आमची सगळी मंडळी जमतात तेव्हा पंचशील हेच सांगतात, आम्ही मागून म्हणतो. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असून विचारलं.

म्हटलं, अहो, तिथे कुणी गिळत नाही. तोंडात घ्यायची, घोळवायची, बादलीत थुंकायची. साहेबसुद्धा थुंकतात.

"मग तोंडात तर गेलीच ना?"

मग मीही सोडलं नाही. "नागपूरला दहा वर्षं खर्रा चघळून भिंती रंगवल्या, तेव्हा तुमचं शील मोडलं नाही, अन् माझ्या चुळीने मोडतं का?"

आतून प्रज्ञाचा आवाज, "मम्मी वन, पप्पा झीरो." तेराव्या वर्षी पोट्टीची जीभ बघा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

हे हसले नाहीत. पण नळ बंद केला.

शनि. ६ सप्टें.

दोन दिवस घरात बोलणं मफी, इथल्या भाषेत बंद. आज सकाळी डबा घेताना दारातून म्हणाले, "जा. पण एक घोटही पोटात जायला नको. शब्द दे."

दिला. हातावर हात ठेवून दिला.

हुर्रे हुर्रे हुर्रे.

मंगळ. ९ सप्टें.

थुंकायची प्रॅक्टिस. कोरा चहा, स्टीलचा ग्लास, फरशी पुसायची बादली. पहिली चूळ हनुवटीवरून थेट गाउनवर. दुसरी फ्रीजवर.

हे पेपर वाचत होते. तिसऱ्या चुळीला पेपर ठेवून उठलेच. "अशी नाही वो! ओठ आवळ. जीभ माघं. मान थोडी खाली अन् एकदम सोड." स्वतः करून दाखवलं. चार फुटांवरून बादलीत, एक थेंब बाहेर नाही. दहा वर्षांची खर्र्याची तपश्चर्या अशी कामाला आली!

प्रज्ञा, "यू गाइज आर सो ग्रोस." आणि मग स्वतःच ग्लास घेऊन रांगेत. तिघं जण थुंकत होतो. किती दिवसांनी इतके हसलो असू. स्वयंपाकघर दोनदा पुसलं.

शनि. १३ सप्टें.

व्हिसा आला. उद्या विमान. बॅगेत दोन कॉटनच्या साड्या, एक पंजाबी, चिवडा. अत्तर, पावडर, तेल काही लावायचं नाही, ह.सा.ंची ऑर्डर. नाक मोकळं पाहिजे. केसांना तेल नाही म्हटल्यावर माझं मलाच डोकं परकं वाटतंय.

सोम. १५ सप्टें., सायप्रस

एका बेटावरून उठून दुसऱ्या बेटावर आले, पण हे बेट उभं आहे! लार्नाकाहून गाडी वर वर चढत राहिली. बहारीनमध्ये सात वर्षांत मी एवढा चढ पाहिला नाही. मिसेस हॅरिसना वळणांनी मळमळलं. मी मान खिडकीबाहेर.

मळा! द्राक्षांचे वेल मांडवावर नाहीत, जमिनीलगत, मिरचीच्या झाडाएवढे बुटके. तोडणी चालू आहे. उतारावर चटया अंथरून द्राक्षं उन्हात वाळत घातलीत, आपण गच्चीवर मुगवड्या घालतो तशी. त्यांची गोड वाइन करतात. मधमाश्या, धूळ, ऊन आणि त्या सगळ्यावर एक वास, पिकल्या फळाचा, किंचित आंबट. मी चटईशी उकिडवी बसले ती उठेचना. ह.सा. हसून म्हणाले, यल्ला, चल सुनंदा, काम उद्या आहे.

मालकीण एलेनीबाई, सत्तरीची, काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. इंग्रजी येत नाही. तिचा मुलगा निकोस सगळं सांगतो. बाईने माझी साडी बोटांत धरून चोळून पाहिली, पोत बघतात तशी. मला आवडली ती.

मंगळ. १६ सप्टें., दुपार



लांब टेबल, पांढरं कापड, चौदा ग्लास ओळीने. सहा पांढऱ्या, सहा लाल, दोन गोड. प्रत्येक ग्लासाखाली आकडा. बाजूला बादली. ह.सा., निकोस आणि मी. एलेनीबाई भिंतीशी खुर्चीत, बदाम फोडत.

पहिली हुंगली. हिरवं सफरचंद. दुसरी, भिजली माती आणि लिंबाचं पान. तोंडात घेतली, घोळवली, ओठ आवळले, जीभ मागे, मान खाली. थेट बादलीत! ह.सा.ंच्या टायवर शिंतोडे, माझ्या पदरावर एक नाही. निकोसने विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, हजबंड.

सातवीपासून लाल. जांभूळ, मिरी, कातडी चप्पल. मी काय वाटेल ते बोलत होते आणि ह.सा. भराभर लिहून घेत होते. कुणी माझं बोलणं लिहून घेतंय! आजवर मीच दुसऱ्यांचं घेत आले.

नववीला थांबले. गोणपाट. पण बुचाचा प्रश्नच नव्हता, ही थेट पिंपातून काढलेली. पुन्हा हुंगली. म्हटलं, नाइन नो गुड. पिंप ओलं राहिलंय. निकोस लाल झाला, तो मळ्याचा सगळ्यात महाग माल. ह.सा. माझ्याकडे बघत होते, सुनंदा, आर यू शुअर? म्हटलं, शुअर.

एलेनीबाई बदाम टाकून उठली. ग्लासात नाक घातलं, बराच वेळ. मग निकोसच्या पाठीत अशी धप्पकन चापट मारली! आणि मला जवळ ओढून दोन्ही गालांवर मुके. काहीतरी बोलली. निकोस खाली बघत म्हणाला, आई म्हणते ती दोन महिने मला हेच सांगतेय.

चौदाही संपवल्या. एक थेंब आत नाही.

मंगळ. १६, संध्याकाळ

नंतर एलेनीबाई मला आणि मिसेस हॅरिसना खालच्या खोलीत घेऊन गेली. गार. जमिनीत अर्धे पुरलेले मातीचे रांजण, माझ्या खांद्याइतके. निकोसने दारातून सांगितलं, हा शेवटचा रांजण तिच्या सासूच्या सासूचा. दरवर्षी थोडी जुनी काढायची, तेवढी नवी घालायची, तळ कधी रिकामा करायचा नाही. विरजणासारखंच की! ही विकत नाहीत. घरातलं लग्न, बारसं, नाहीतर आई ज्याला देईल त्याला.

तिने छोट्या पेल्यात ओतून माझ्या हातात दिली. तपकिरी, मधासारखी दाट.

बादली नव्हती. पण ते कारण नाही. मिसेस हॅरिस हळूच म्हणाल्याही, यू डोन्ट हॅव टु. नुसती हुंगून, छातीला हात लावून परत देता आली असती. बाई रागावली नसती.

मला हवी होती. कुणी जबरदस्ती केली नाही, हे इथे लिहून ठेवते.

मनुका. जरासा करपलेला गुळाचा पाक. संत्र्याची वाळलेली साल. आणि नंतर, गिळल्यावर, छातीत ऊब. ती चव थुंकणाऱ्याला कधीच कळणार नाही, घशाच्या खालचीच आहे ती.

आवडली.

बुध. १७ सप्टें., परत

एअरपोर्टवर हे आणि प्रज्ञा. यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. बॅग माझ्या हातातून ओढूनच घेतली. "काय झालं? सांग ना!" नववीचा किस्सा सांगितला. गाडी चालवताना स्टिअरिंगवर थाप, "अरे वा रे वा! पिंप नासलं हे बी सांगितलं!" प्रज्ञा, "मम्मी, यू आर सो कूल." हे ऐकायला तेरा वर्षं लागली.

बाकीचं सांगितलं नाही. आज नको, इतका आनंद कशाला मोडायचा, असं म्हटलं मनाला.

गुरु. १८ सप्टें.

नव्या कामाचं पत्र मिळालं! टाइप दुसऱ्या मुलीने केलं, तेवढ्यात दोन चुका. असिस्टंट, सिलेक्शन. वर्षातून तीन-चार फेऱ्या. सही करून शनिवारी द्यायचं. बाथरूमच्या आरशासमोर मोठ्याने वाचलं.

यांनी वर्कशॉपभर सांगून ठेवलंय. केरळचा फोरमन, पाकिस्तानी वेल्डर, सगळ्यांना. "माझी बायको एक थेंब पीत नाही अन् चौदा वाइन ओळखते." घरी येऊन तेच मला पुन्हा ऐकवलं. मी भाजी ढवळत होते, ढवळतच राहिले.

शुक्र. १९ सप्टें.

रिफाला, मेश्रामकाकूंकडे वंदना. वीस-पंचवीस माणसं. आधी चहा होता, त्यात काकूंनी विचारलंच. "काहो सुनंदा, दारूच्या गावाले जाऊन आली म्हणे?" बायका खुसखुसल्या.

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर. "काकू, शब्द देऊन गेली होती. एक थेंब पोटात नाही. मी खात्री देतो."

कान तापले. अगं बाई, तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोलले.

मग पंचशील. हे सांगत गेले, आम्ही मागून. चार झाली. पाचव्याला माझा आवाजच फुटेना. बाकीचे म्हणाले, मी ओठ मिटून बसले. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

परतताना गाडीत सांगितलं. प्रज्ञा मागे कानात वॉकमन घालून.

"जबरदस्ती केली कोणं?"

"नाही."

"मग?"

"मला हवी होती."

घरी येताच यांनी मेश्रामकाकूंना फोन लावला. "काकू, मी मघाशी खात्री दिली ते चुकलं. एक घोट घेतला तिनं. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना सांगून देतो." फोन ठेवला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनि. २० सप्टें., सकाळ

पत्र टेबलावर. सही केलेली नाही.

सहा वाजता हे बूट घालत होते. मी डबा दिला. घेतला. मग मान वर न करता, "आवडली का?"

"हाव."

"पुन्हा घ्यावी वाटते?"

काय सांगू? म्हटलं, "माहीत नाही."

लेस बांधून झाली तरी बसूनच राहिले. "दादाले विचारलं की तो बी हेच म्हणे. माहीत नाही, माहीत नाही."

मला रडू आलं. म्हटलं, तुम्ही नको म्हणा, पत्र आत्ता फाडते.

"मी कायले म्हणू?" उठले. "नाक तुझं आहे. एवढं नाक घरात-विहारात बसून वाया घालव असं मी म्हणत नाही." दार उघडलं. बाहेरची गरम हवा आत आली. "पण एक आहे. दादानं मले आपणहून कधी सांगितलं नाही. आम्हाले बाटल्या सापडल्या तवाच कळलं. तू सांगितलं."

आणि गेले.

आता सव्वासात. साडेसातला बस. प्रज्ञा विचारतेय, "सो? आर यू साइनिंग ऑर नॉट?" पेन उघडं आहे. यांचा प्रश्न मी मलाच पुन्हा विचारून पाहिला, घरात कुणी नसल्यासारखा, खरं खरं. माहीत नाही हे उत्तर खोटं होतं. वाटते. पुन्हा घ्यावी वाटते. काम हवं आहे म्हणून नाही, आणि काम तर हवंच आहे. आधी हे त्यांना सांगायचं की आधी सही, तेवढं ठरत नाही. वर्कशॉपचा फोन लावला, एंगेज येतोय. बसच्या आधी अजून एकदा लावते.