थोरल्या बंधूंनी मला न मारण्याच्या बंधपत्राचे नूतनीकरण

प्रति,
मा. बंधपत्र अधिकारी,
शांतता व सुव्यवस्था कार्यालय, दुसरा मजला.

विषय : उपरोक्त बंधपत्राचे नूतनीकरण मुदतीपूर्वी, म्हणजे आजच, होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कारकुनांनी तोंडी दिलेला नकार.

महोदय,

वडिलांच्या पश्चात रंधायंत्र कोणाचे, या प्रश्नावर दादांनी गतवर्षी आमच्या सुतारशाळेत माझे डोके शिकंज्यात आवळून चर्चा केली. त्यावर आपण त्यांच्याकडून जामिनाच्या रकमेसह एक वर्षाचे बंधपत्र लिहून घेतले. तेव्हापासून त्यांनी मला बोटही लावलेले नाही. मुदत रविवारी संपते.

२. नूतनीकरणासाठी आलो असता कारकून म्हणाले, "वर्षभरात मारलंय का? नाही ना? मग भीती कसली? ताजी मारहाण घेऊन या." दुकानाचा परवाना, विमा, वाचनालयाचे पुस्तक, सारे नुसत्या शिक्क्यावर नूतन होते, माझ्या हाडांनाच ताजा पुरावा का, हे उमगले नाही. तरी नियम तो नियम, म्हणून प्रयत्नास लागलो.

३. दादांना चारचौघांत चिक्कू म्हणालो. त्यांची नवी करवत दगडावर घासली. शेवटी त्यांच्या खुर्चीचा एक पाय कापला. ते आपटले, उठले, कपडे झटकून म्हणाले, "बारक्या, जामीन बुडवायला मी खुळा नाही. सोमवारी बघू." वहिनींना मात्र राहवले नाही; त्यांनी माझ्या बरगडीत लाकडी हातोडा घातला. मी मोठ्या आशेने तसाच कळवळत इथे आलो, तर "वहिनींचा मार दादांच्या नावावर धरता येत नाही" असे उत्तर मिळाले.

४. दादांनी जुन्या वैराचे नूतनीकरण केव्हाच करून घेतले आहे; त्यांना कोणताही कागद लागला नाही. रोज संध्याकाळी ते पटाशीला धार लावतात आणि माझ्याकडे पाहत फळ्या मोजतात. सोमवारची मारहाण पुराव्यास भरपूर होईल. पण ती सादर करायला अर्जदार उरेल काय, याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

५. सबब विनंती की, कार्यालयीन वेळेत, आपल्या समक्ष, दादांना मला एक ठोसा मारू द्यावा व त्यापोटी जामीन जप्त करू नये. दादा आनंदाने तयार आहेत. मात्र एकावर थांबण्याची हमी ते देत नाहीत. तेवढी कार्यालयाने घ्यावी.

एका बरगडीखेरीज धडधाकट,
आपला नम्र,
(सही) धाकटा भाऊ
शुक्रवार, जेवणाच्या सुटीपूर्वी

सोबत :
१) मूळ बंधपत्र.
२) दादा (बाहेर बाकावर, बाह्या सरसावून बसले आहेत).