बियांपासून वाढवलेली डाळिंबे आणि लालबागची खोली

मी, श्रीमती मालन धोंडू घाडी, वय वर्षे अडुसष्ट, राहणार लालबाग, मुंबई, माझ्या मागे काय व्हावे ते आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. काल डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, की कोणाचा धाक नाही.

धाक नाही, पण घाई आहे. गेल्या रविवारी माझा मुलगा शिवा जेवायला आला होता. हात धुता धुता तो माझ्या जावेला, चंपाला, म्हणाला, "काकी, आईच्या मागे तुम्ही आपलं कुठेतरी बघा. आताच सांगून ठेवतो. नाहीतर कोर्ट आहेच." चंपाने ताटे उचलली आणि ती मोरीत गेली. तेव्हापासून ती जरा वेळ मिळाला की आपली पेटी आवरायला बसते. मी विचारले तर म्हणते, "डांबराच्या गोळ्या घालतंय, बाय." मला ते बघवत नाही.

१. जुनी चाळ पाडून झालेल्या या इमारतीत चौदाव्या मजल्यावरची जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. कागदावर तिला सदनिका म्हणतात, मी खोलीच म्हणणार. ही खोली कोणाला जावी हे सांगण्याआधी ती आमच्याकडे कशी राहिली ते सांगणे भाग आहे. उद्या हे कागद कोर्टात वाचले गेले, तर वाचणाऱ्या साहेबांनी हे कलम गाळू नये.

माझे यजमान धोंडू आणि त्यांचे धाकटे भाऊ रघुवीर एकाच कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा दोघेही बाहेर पडले. दिवाळी आली तशी रघुवीरचा धीर सुटला आणि तो पोलिसांच्या गाडीतून कामावर जाऊ लागला. यजमानांनी त्याच्याशी बोलणे टाकले. एका खोलीत राहून दोघे भाऊ भिंतीकडे तोंड करून जेवत. चंपा आणि मी मधे बसून वाढत असू.

एके संध्याकाळी रघुवीर गल्लीच्या तोंडाशी सापडला. पंधरावीस जणांनी घेरला. बहुतेक आमच्याच ओळखीचे होते. यजमान गॅलरीतून अनवाणी धावले आणि मधे घुसले. "माझो भाव आसा तो," ते ओरडले. "मारूचा आसात तर माका मारा." सळई उगारली गेली होती, ती थांबली नाही. यजमानांच्या बरगड्या मोडल्या. तेवढ्यात रघुवीर निसटून जिना चढून वर आला होता आणि दाराला आतून कडी घालून बसला होता.

बरगड्या जुळल्या, छाती मात्र सुधारली नाही. कापसाच्या धुळीने ती आधीच पोखरली होती. इस्पितळात सांगितले की यांना थंड, कोरड्या हवेत ठेवा. पांचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात मला स्वयंपाकाचे काम मिळाले, मागच्या अंगणात राहायला पत्र्याची खोली मिळाली. मूल ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून शिवाला गावी माझ्या आईकडे ठेवले. लालबागच्या खोलीत रघुवीर आणि चंपा राहिली. निघताना रघुवीर म्हणाला, "वयनी, खोलीची काळजी करू नको."

२. आता डाळिंबांविषयी. ही झाडे माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे आणि खोलीपेक्षा तिच्यावर माझा जास्त जीव आहे.

पांचगणीला यजमान दिवसभर खाटेवर पडून छपराचे पत्रे मोजत. जेवणावरचे मन उडाले होते. भटारखान्यात एक डाळिंब फुटून आले होते, ते मी त्यांना सोलून दिले. त्यांनी दाणे चोखले आणि बिया बशीत काढून ठेवल्या. म्हणाले, "ह्यो पेर बघू. गावाक परड्यात आमचा झाड होता."

माझ्याबरोबर पोळ्या लाटणारी सोनूबाई हसली. "इथल्या गारठ्यात डाळिंब? त्याला ऊन लागतं ताई, सोलापूरचं." मी बिया राखेत घोळवून, फडक्यावर चोळून त्यांचा गर काढला. गर राहिला तर बी कुजते. सावलीत वाळवल्या. तेलाच्या डब्यांच्या बुडाला भोके पाडली, माती आणि वाळू भरली, बिया नखभर खोल टाकल्या आणि डबे भटारखान्याच्या चुलीमागच्या भिंतीला लावून ठेवले. ती भिंत रात्रीसुद्धा कोमट असे. वर फुटक्या खिडकीची काच. थंडीत बी उगवते ते मातीतल्या उबेने, हे मला चार वेळा बिया वाया घालवून कळले. पाचव्या खेपेला कोंब आले. मी डबा उचलून खाटेशी नेला, तेव्हा यजमान कित्येक महिन्यांनी उठून बसले.

पावसाळा सगळ्यात वाईट. तिथला पाऊस मुळे सडवतो. म्हणून डबे वळचणीखाली घ्यायचे आणि माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी द्यायचे नाही. पहिल्या हिवाळ्यात सगळी पाने पिवळी पडून गळाली. नुसत्या काटक्या उरल्या. सोनूबाई म्हणाली, "उपट आता." त्याच आठवड्यात यजमानांच्या थुंकीत रक्त आले होते. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उपट मालन. माकाय आता हयच ठेव."

मी त्यांच्यासमोर डबा आपटला. काटकीची साल नखाने खरवडली. आत हिरवे होते. "बघा," मी म्हटले, "हे मेलेलं नाही. गारठ्यात झोपलंय." त्यांनी दुसरी काटकी खरवडून पाहिली, मग तिसरी. मी त्यांचा हात धरून थांबवले, नाहीतर सगळी झाडे सोलून काढली असती. त्या दिवशी ते पेजेचा वाडगा पूर्ण जेवले.

तिथे झाडांना फुले आली, पण फळ धरेना. थंडीत फुले गळून पडत. शहाऐंशी साली यजमान चालते झाले, तेव्हा आम्ही सहा डबे टेम्पोत घालून लालबागला परतलो.

दार रघुवीरने उघडले नाही. खिडकीची एक फळी उघडून म्हणाला, "वयनी, खोली आता माझी. तुम्ही गेलात ते गेलात."

"आम्ही हवा बदलायला गेलेलो," मी म्हटले. "घर बदलायला नाय."

फळी लागली. मी डबे दारासमोर ओळीने मांडले आणि यजमानांना सतरंजीवर टेकवले. गॅलरी भरली. संप संपला नव्हता असे मानणारे एका बाजूला, संप मोडून कामावर गेलेले दुसऱ्या बाजूला. गिरणीला टाळे लागून दोघेही सारखेच घरी बसलेले. कोणी ओरडले, "फोडा दार! फितूर तो!" पहार आली. यजमानांना खोकल्याने बोलता येत नव्हते, तरी ते भिंत धरून उठले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. पुन्हा त्याच भावासाठी. मला वाटले, आता हे जाणार. पहारवाला दोन पावलांवर होता.

तेवढ्यात आतून चंपाचा आवाज आला. सगळ्या गॅलरीने ऐकला. "ज्यान तुमच्या वाटणीचो मार खाल्ल्यान, तो भायर बसतलो आणि मी आत जेवतलंय? माका जमूचा नाय!" आत भांडी पडली. मग कडी निघाली. चंपा उंबऱ्यात उभी होती, ओठ फुटलेला. तिने पदराने रक्त पुसले आणि म्हणाली, "भावोजी, आत येवा." मग वाकून पहिला डबा तिनेच उचलला.

रघुवीर दुसऱ्या दिवशी सुरतेला गेला. तिला म्हणाला, "चल." ती म्हणाली, "जावा तुम्ही." तेव्हापासून चंपा माझ्याजवळ आहे. यजमानांचे शेवटचे आजारपण तिने माझ्याइतकेच काढले. लालबागच्या उबेत झाड फळले, ते पहिले डाळिंब आम्ही तिघांनी खाल्ले. आंबट होते. बीचे झाड आईसारखे गोड निघेलच असे नाही. यजमानांनी तोंड वाकडे केले आणि आणखी मागितले.

३. झाडांची वाटणी. आणलेल्या सहांपैकी तीनच जगली. गच्चीवरची दोन झाडे शेजारीण कमलाबाईला. पाणी घालताना तिने हात आखडता घ्यावा. घरातले बुटके झाड चंपाचे. पांचगणीला भिंतीच्या आडोशाला मी जमिनीत लावलेले झाड सोनूबाई सांभाळते, ते तिचेच. मागच्या वर्षी तिने निरोप पाठवला की दक्षिणेकडच्या भिंतीची ऊब लागून त्याला तीन फळे धरली.

४. वर सांगितलेली खोली माझ्या मागे चंपा रघुवीर घाडी हिने मरेपर्यंत वापरावी. तिला कोणी उठवू नये, तिच्या सामानाला हात लावू नये. तिच्या पश्चात खोली <s>माझा मुलगा शिवा याला</s> माझी नात मंजुळा शिवा घाडी हिला मिळावी. (खाडाखोड माझ्या हातची. मा. धों. घा.)

५. रघुवीर हयात असेल आणि आला, तर त्याला पाणी द्यावे. पण त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. यजमानांनी त्याला माफ केले होते, तो त्यांचा अधिकार. मी केलेले नाही.

६. चौथ्या कलमातली खाडाखोड कशी झाली ते नोंदवते. हा कागद माझ्या मागे कोणी फोडावा असे मला नको होते, म्हणून आज शिवाला बोलावून पहिल्यापासून वाचून दाखवला. खालच्या मजल्यावरचे नाना, जे वकिलाकडे कारकून होते, तेही बसले होते. चंपा आत होती.

शिवाने मधे एकदाच तोंड उघडले. "डबडी घेऊन आलीस पांचगणीहून. मला नाही आणलंस. दहावीपर्यंत मी गावीच."

"खोलीत आजारी माणूस पडलेला. तुला झोपायला जागा नव्हती, शिवा."

"सहा डब्यांना होती."

मी पुढे वाचत राहिले. पहारेचे आणि चंपाच्या ओठाचे त्याला कधीच कोणी सांगितले नव्हते. वाचून झाले तेव्हा तो उठून खिडकीशी गेला. मग नानांना म्हणाला, "साक्षीदार कोण आहेत?"

"कमलाबाई. आणखी एक लागेल."

"मी केली सही तर?"

नाना म्हणाले, "कमलाबाईची दोन झाडं सोड, पण ज्याला जागा मिळते त्याने साक्षीला राहू नये. उद्या त्यावरूनच वाद निघतो."

"मग माझं नाव काढा. मंजुळाचं घाला."

"अरे, सही केल्यावर तुला कोर्टात जायला तोंड राहणार नाही," नाना म्हणाले.

"म्हणूनच विचारतोय," शिवा म्हणाला आणि त्यांच्या खिशातले पेन काढून घेतले.

येथे माझे सांगणे पुरे झाले. कमलाबाईला बोलावून घेतले. खाली नावे असलेल्या दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

लालबाग, मुंबई. अकरा नोव्हेंबर दोन हजार सात.

(सही) मालन धोंडू घाडी

साक्षीदार:

(सही) कमलाबाई नारायण तोरसकर, शेजारीण, चौदावा मजला

(सही) शिवा धोंडू घाडी, मुलगा. सगळे ऐकले. मान्य आहे. काकी इथेच राहतील.