भिंतीपलीकडच्या तीन शिट्ट्या

प्रिय सेमिसीदादा,

मी घरी आले आहे. फिजीतल्या सुव्हाहून निघताना समुद्र शांत होता, आपल्या बेटाजवळ मात्र बोट फार हलली. धक्क्यावर नाइते आत्या उभी होती. बाबा गेल्यापासून घरात तिचाच शब्द चालतो, हे तुला माहीत आहेच. माझी पदवीची गुंडाळी तिने आधी स्वतःच्या हातात घेतली, धक्क्यावरच्या चार जणांना दाखवली आणि मग म्हणाली, "आता आधी घरी चल आणि तुझ्या भावाच्या त्या डब्याचं तोंड बंद कर."

डबा म्हणजे तुझा कॉम्प्युटर. तुमची मासेमारीची बोट परत आली नाही, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून तुझी खोली बंद आहे. पण तारेचा प्लग कुणी काढला नाही, आणि आपल्या गावात वीज कशी येते-जाते ते तुला सांगायला नको. ती परत आली की आतला पंखा घुमायला लागतो आणि मग तीन शिट्ट्या येतात. लांब, एकसारख्या. आई अंगणात कापडासाठी झाडाची साल कुटत बसलेली असते. तिचा हात वरच्या वर थांबतो आणि तुझ्या हाकेला ओ दिल्यासारखी ती म्हणते, "आले रे." मग उठून तुझ्या दारापर्यंत जाते आणि तिथेच बसून राहते. अळूच्या पानांत शिजवलेला लू ताटात गार होतो.

तिने अजून कमरेला दुखवट्याची चटई बांधलेली नाही. आत्याचं सगळं म्हणणं तेवढ्याचसाठी आहे. "मेलेल्याला निरोप दिला नाही तर जिवंत माणूस झिजतं," असं ती म्हणते, आणि आईचे दंड पाहिले की मला तिला खोटं म्हणवत नाही. मला शिकवायचं म्हणून तू बोटीवर गेलास, असंही ती म्हणते.

पहिल्याच दिवशी मी आईजवळ बसून सगळं नीट समजावलं. आत मेमरीची एक पट्टी असते, खाऱ्या वाऱ्याने तिच्या दातांवर गंज चढला आहे, ती सापडली नाही की यंत्र शिट्ट्या मारतं. आतली बटणाएवढी बॅटरीही संपली आहे, म्हणून वीज येताच ते आपोआप जागं होतं. यात दुसरं काही नाही. मला वाटत होतं, खरं काय ते कळलं की माणूस मोकळं होतं. चार वर्षं मी तेच तर शिकले. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गंज आपल्या छपराच्या पत्र्यालाही चढलाय, बाळ. पत्रा कुठे हाक मारतो?"

दादा, मी तुझ्या खोलीत कधीच आले नव्हते. आपल्या रीतीत बहिणीने भावाच्या खोलीत जायचं नाही, त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. समोरासमोर आपण जेवणापलीकडे कधी काही बोललो नाही. पण मधली भिंत प्लायवूडची होती. गावातल्या शाळेचे, दुकानाचे कॉम्प्युटर तू दुरुस्त करायचास आणि मी पलीकडे चटई विणत ऐकायचे. तू विचारायचास, "ए लेसिएली, ही कुठली शिट्टी?" मी म्हणायचे, "पट्टी हलली." तू म्हणायचास, "मग वाट कसली बघायची? काढ, खोडरबराने दात घास आणि कट्ट आवाज येईपर्यंत दाब." सुव्हाला बाकीची मुलं यंत्र उघडून शिकली, मी कानाने शिकून गेले होते. तो कट्ट आवाज मला डोळे मिटूनही ओळखता येतो.

आज दुपारी मी तुझ्या दाराबाहेर उभी राहून आधी मोठ्याने सांगितलं, की मी आत येते आहे. मग थोडी थांबले. कशासाठी ते विचारू नकोस.

झाकण उघडलं तर आत पालीच्या अंड्यांची रिकामी टरफलं होती आणि मिठाचा पांढरा थर. मी सगळं पुसलं. पट्टी काढली, घासली, दाबली. कट्ट. बटण दाबल्यावर एकच आखूड शिट्टी आली. म्हणजे सगळं ठीक. बॅटरी संपल्यामुळे पडद्यावर जुनी तारीख होती, त्याच्या हिशोबाने तू अजून शाळेतच जातोस. पुढे जायला एक कळ दाबायला सांगत होता. ती मी दाबली नाही. पुढचं तुझं आहे.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की अंगणातलं कुटणं थांबलं आहे. आई दारात उभी होती. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "हा आवाज त्याचा नाही." थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गेला म्हणायचा मग," आणि खुंटीवरच्या दुखवट्याच्या चटईकडे हात नेला.

आत्याला नेमकं हेच हवं होतं. मलाही हेच योग्य वाटत होतं, पडद्यावर ती तारीख दिसेपर्यंत. मी आईचा हात धरला आणि म्हणाले, "थांब, अजून नीट झालेलं नाही."

संध्याकाळी आत्याला सांगितलं, मला जमलं नाही. ती म्हणाली, "मग इतकी वर्षं फिजीत काय नारळ सोलत होतीस?" गावभर आता हेच होईल. होऊ दे. मगाशी वीज गेली आणि आली. तीन शिट्ट्या आल्या. आई "आले रे" म्हणाली, आणि भिंतीच्या अलीकडून माझ्याही तोंडून निघालं, "पट्टी हलली, दादा." मग मी बराच वेळ ऐकत राहिले. पंखा घुमत होता.

सकाळच्या बोटीने मी माझ्या नव्या नोकरीवर रुजू व्हायला जाते आहे. त्याआधी हे पत्र घडी करून तुझ्या यंत्राच्या झाकणाआड ठेवीन, कारण तुझ्याशिवाय ते कुणी उघडणार नाही. तू आलास की आधी तेच उघडशील, म्हणून सांगते: आतलं काही बिघडलेलं नाही. दात मी स्वच्छ घासले आहेत. पट्टी मीच एका बाजूने सैल करून ठेवली आहे. आईसाठी केलं, असं स्वतःला समजावते आहे. तू आलास की अंगठ्याने दाब. कट्ट आवाज आला की मला कळेल.

तुझीच, भिंतीपलीकडची,
लेसिएली