आईंचा गॅस

संघपाल,
कुकरमध्ये भात आहे. आईंचं लुगडं बाल्कनीत वाळतंय. प्लंबर सोमवारी येणार. तुझा फोन ऑफिसच्या गेटवर जमा, म्हणून चिठ्ठी.

कपडे घ्यायला दहा मिनिटं घरी आलेय. आईंचं पोट दुखत होतं तो गॅस नव्हता, मंगळवारी डॉक्टर म्हणाले तसा. जांघेत सुपारीएवढी गाठ आहे, हर्निया. आतडं त्यात अडकलंय. काळं पडलं असेल तर कापावं लागेल, असं लेडी डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशन आजच.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "पोराच्या तोंडानं जांघेचं सांगू काय वं?"

त्यांच्यावर चिडू नकोस. मार्केटसमोरच्या नर्सिंग होममध्ये सरळ ये.

श्रावस्ती

मंगळवारी तू इथल्या डॉक्टरांना आईंचं दुखणं हिंदीत सांगत होतास, तेव्हा आईंनी तुला बाहेरून पाणी आणायला सांगितलं होतं. बाटली पिशवीतच होती, म्हणून तू गेला नाहीस.