तो गाडी सोडणार नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊचा कोलशेतचा पंप दुपारपासून बंद. डेपोत पेट्रोल आहे, पंपावर गिऱ्हाईक आहे, भाऊचे दोन टँकर पंपामागे धुऊनपुसून उभे आहेत. चालवायला माणूस नाही.

एक ड्रायव्हर छठला बिहारला गेला तो गेलाच. गावात ई-रिक्षा घेतली म्हणे. दुसरा हल्ली ॲपची टॅक्सी चालवतो, एसीत बसून. उरला पोपट. तो आज मुलगी बघायला गेलेला.

"ताई, तुझ्या पेपरात जाहिरात दे," भाऊ फोनवर. माझा धाकटा भाऊ. नाव भालचंद्र, पण त्याला भालचंद्र म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

"गेल्या महिन्यात दोनदा दिली. कोण आलं?"

"एक आलेला. त्याला रिक्षा चालवता येत होती."

५ नोव्हेंबर

बातमी केली. पेट्रोलच्या टँकरला नुसतं हेवी लायसन चालत नाही, ज्वलनशील मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, तसा शेरा लायसनवर लागतो. असे ड्रायव्हर कमी. नवे येत नाहीत. जुने जातात. संपादक म्हणाले, पहिल्या पानावर घ्या. 'चालक नाहीत, पंप कोरडे' असं शीर्षक दिलं.

६ नोव्हेंबर

बातमी वाचून लोकांनी सकाळपासून टाक्या भरल्या. काल कोरडे नसलेले दोन पंप आज कोरडे झाले. बातमी खरी ठरली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोपट ठाकुर्लीला माझ्या घरी आला. लग्नाच्या परिचयपत्रात चौकशीसाठी दोन नावं द्यायची असतात. एक भाऊचं दिलंय, दुसरं माझं देऊ का म्हणून विचारायला. छापून आधीच झालं होतं. मी म्हटलं, दे.

चौतिशीचा आहे. आई रखमाबाई जुन्नरकडे गावी, दिवसाआड फोन करून विचारते, जमलं का. आजवर चार ठिकाणी नकार. ड्रायव्हर म्हटलं की लोक चहासुद्धा अर्धा कप देतात, असं तोच म्हणाला. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

मंगळवारी बघितलेली मुलगी डोंबिवलीची. प्राची साळवी. लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते.

"मला विचारलं, सुईला घाबरता का. म्हटलं, हो."

"मग?"

"हसली."

वडील मूळचे राजापूरचे, सरळ माणूस. पोपटला म्हणाले, मुलगा म्हणून पसंत आहात, पण टँकर सोडा. आमच्या ओळखीत एका शाळेत शिपायाची जागा आहे. ती धरलीत की तारीख धरू.

"तू काय म्हणालास?"

"सोडतो म्हटलं."

"विचार नाही केलास? पगार अर्धा होईल."

"होईल."

भाऊला सांगितलंस का, विचारलं. तो म्हणाला, तुम्हीच सांगा ना ताई. पाया पडून गेला.

१० नोव्हेंबर

पोपटचं फोनवर कळवलं होतं. भाऊ रिक्षाने आला. पंपाचा मालक, आणि गाडीत पेट्रोल नाही. मी हसले नाही, पण त्याला ते दिसलं.

कंपनीचं पत्र आलंय. पंप पुन्हा कोरडा पडला तर परवान्याचा फेरविचार करू. वडिलांनी मिळवलेला पंप. अकरा माणसं कामाला.

"पोपट गेला तर मी संपलो, ताई. चौकशीचा फोन तुलाच येणार. साळवी रोज तुझा पेपर वाचतो."

"काय सांगू? दारू पितो म्हणून सांगू?"

"छे! असं नको बोलू. बिचाऱ्याचं पुढे लग्न व्हायला पाहिजे ना. फक्त हे एक मोडू दे."

"आणि पुढचं?"

"पुढच्याला टँकरवाला चालेल असं बघू की. मी स्वतः शोधतो."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्याला पोहे करून दिले.

११ नोव्हेंबर

साळवींचा फोन आला नाही. भाऊचे चार आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आला. पान सोडायच्या वेळेला, नेमका.

"मॅडम, प्राचीचे वडील बोलतोय. मुलगा कसा आहे?"

"उत्तम. व्यसन नाही. शब्दाला पक्का."

"मग गाडी सोडेल ना?"

समोर स्क्रीनवर पान उघडं होतं. उपसंपादक दारात उभा. इतकी वर्षं एकच शिकले आणि नव्या मुलांना एकच शिकवलं, खात्री नसेल ते छापू नका. इथे तर खात्री होती. पोपट स्वतः माझ्या खुर्चीत बसून सोडतो म्हणाला होता.

मी म्हटलं, "मला नाही वाटत तो गाडी सोडेल."

"पण तो तर म्हणाला—"

"लग्नाआधी सगळेच म्हणतात हो."

"बरं झालं मॅडम, तुम्हाला विचारलं. लोक खरं सांगत नाहीत."

पान वेळेत गेलं. एकही चूक नाही.

१४ नोव्हेंबर

भाऊने पेढे पाठवले. फ्रिजमध्ये ठेवले. शेजारी कशाचे म्हणून देणार?

१७ नोव्हेंबर, सोमवार

पंपावर गेलेले. पोपटच्या आज दोन खेपा झाल्या, पेट्रोल आहे, डिझेल आहे, भाऊच्या चेहऱ्यावर रंग आहे. पोपट टाकीत काठी सोडून पातळी बघत होता. मला बघून फडक्याने काठी पुसली.

"नाही म्हणाले, ताई."

"कारण?"

"नाही सांगितलं. मीही नाही विचारलं."

"दुसरी बघू रे."

"हो."

काठी कोरडी झाली होती तरी पुसत होता.

संपादकांना पुढची बातमी हवी होती. लिहिली. 'इंधनपुरवठा पूर्वपदावर.' शेवटी एक ओळ घातली: पुरवठा कशामुळे सुरळीत झाला, याबाबत अधिकृत माहिती मिळू शकली नाही.

१९ नोव्हेंबर

रखमाबाईंचा फोन. तुम्ही मोठ्या पेपरात आहात, माझ्या लेकाचं काहीतरी बघा. बघते म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी ऑफिसात एक मुलगी आली. निळा कुडता, खांद्यावर लॅबची बॅग. "मी प्राची. प्राची साळवी. त्या दिवशी बाबांनी तुमचा फोन स्पीकरवर टाकलेला. मी तिथेच होते."

मी तिला बसा म्हटलं. खरं तर मलाच बसायचं होतं.

भांडायला आली असं वाटलं. तसं काही नव्हतं.

"बाबांना शिपाई हवा होता. मला नकोय. माझ्या दादाने तीन वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या. आधी पण एक स्थळ आलेलं, साखरपुड्यापर्यंत गेलं, त्याने मध्येच नोकरी सोडली आणि शेअरमध्ये पडला. तुम्ही म्हणालात ना, हा गाडी सोडणार नाही? मला तेच पटलं. लग्नासाठी पण काम सोडत नाही म्हणजे माणूस धड असणार."

"वडिलांना सांगितलंस?"

"आधी त्यांना फोन केला. पोपटना. म्हटलं, बाबांचं मी बघते. पण गाडी सोडायची नाही. सोडलीत तर लग्न नाही."

"काय म्हणाला?"

"बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाले, ठीक आहे." जराशी लाजली. "लाजाळू आहेत का हो ते?"

"हो, थोडासा."

चहा घेऊन गेली. जाताना विचारलं, शुगर कधी तपासलीत? घरी येऊन रक्त घेईन म्हणाली.

२५ नोव्हेंबर

साळवी तयार झाले. मुलीपुढे चाललं नाही. डिसेंबरची तारीख धरली, हॉल डोंबिवलीत. भाऊ पंपावरच्या सगळ्यांना कपडे करणार आहे, पगारही वाढवतो म्हणाला. "ताई, तू दोन्हीकडचं साधलंस." मला वाद घालावासा वाटला नाही. आपण मोडायला गेलो आणि ते जुळलं, असं किती वेळा होतं? बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं.

फ्रिजमधला एक पेढा खाल्ला. अजून चांगला होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोपट पत्रिका द्यायला आला. मी म्हटलं, काय रे, बायको पण मिळाली, गाडी पण राहिली.

पाणी प्यायला. मग म्हणाला, "मुलगी बघायला मी जात होतो ते कुणीतरी 'गाडी सोड' म्हणावं म्हणूनच, ताई. चौदा वर्षं झाली. मागे एवढं पेट्रोल घेऊन घाट उतरताना आता हात कापतात. भाऊंना तोंडावर सांगता येत नव्हतं. सासरचे म्हणतात म्हटलं असतं, की सुटलो असतो."

मी पत्रिका उघडली.

"प्राची म्हणाली, तुम्ही सांगितलंत तिच्या बाबांना. पोपट गाडी सोडणार नाही म्हणून." रागावलेला नव्हता. खरंच विचारत होता. "तुम्हाला असं का वाटलं?"