उजव्या मागच्या चाकाचा तोपे

मी, ओतिलिया मुरिल्यो सेसेन्या, वय एकोणसत्तर, राहणार ओहोस नेग्रोस, एन्सेनादा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट दोघांनी लिहू नकोस म्हणून सांगितलं, म्हणून आजच बसले. आधीचा काही कागद सापडल्यास तो रद्द समजावा.

१. राहतं घर मुलगा नेरेओ याला. त्याच्या पाठीला पायऱ्या झेपत नाहीत आणि या घराला पायरी नाही. माया म्हणून देत नाही, हे नमूद करते.

२. बँकेतल्या शिलकीतून मला पोचवावं. उरेल ते चर्चच्या छपराला. पाद्रीबाबांना नाही, छपराला.

३. दीर लिब्रादो यांना कारखान्याच्या गेटवरची ‘फिदेन्सियो आणि बंधू’ ही पाटी. कारखाना शर्यतीच्या गाड्यांचा. वाळवंटातल्या शर्यतीत चाक आदळून वर आलं की ॲक्सल चासीवर बसू नये म्हणून मधे तेल आणि वायू भरलेलं जे नळकांडं मार खातं, तो तोपे. तीस वर्षं या कारखान्याचे सगळे तोपे मी उघडले, धुतले, नवी सील घालून भरले. पाटीवर माझं नाव कधी आलं नाही. नेरेओच्या अपघातानंतर भर पंगतीत लिब्रादो म्हणाले, “वहिनी, तोपे म्हणजे तामालेस नव्हेत, मक्याच्या पानात गुंडाळले की झाले.” सगळे हसले. मीच त्यांना वाढत होते. पाटी त्यांनी स्वतः वर चढून काढावी. शिडी कोणी धरू नये.

४. कारखाना, प्रेस, नायट्रोजनचं सिलिंडर आणि सगळी हत्यारं सून यादिरा हिला, तिच्या एकटीच्या नावावर. मला न दिसलेला तोपेच्या दांड्यावरचा केसाएवढा ओरखडा तिने दाखवला आणि वर म्हणाली, “आई, चष्मा बदला.” तोंडाळ आहे, पण नजर आहे.

५. मला नवरा फिदेन्सियो याच्या शेजारी पुरू नये. कारण असं की, अकरा वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या दिवशी उजव्या मागच्या तोपेचा दांडा ॲक्सलवरच्या पट्टीवर सरळ पडेना. चासीवरची नळी, ज्यात तोपे बसतो, ती दोन बोटं सरकवून पुन्हा वेल्ड करायची होती. आधी तोपे बाहेर काढायचा, मग वेल्ड करायचं, नळी गार झाली की तोपे परत बसवायचा. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी सगळ्यांसाठी बुरीतो करायला घरात गेले होते. माझ्या नवऱ्याने तोपे आत ठेवूनच वेल्ड मारलं आणि वरून काळा रंग फासला. आतली सील करपली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच उतारावर तोपेतलं तेल गेलं, ॲक्सल चासीवर आदळला आणि गाडी चालवणाऱ्या नेरेओचे दोन मणके गेले. बाईच्या हातचं काम, असं गाव म्हणालं. फिदेन्सियो गप्प बसला. नऊ वर्षं माझ्या हातचं जेवला आणि गप्प बसला. शेवटी दवाखान्यात म्हणाला, “काढायला वेळ कुठे होता, ओतिलिया? शर्यतीच्या तपासणीची रांग लागली होती. मी गेल्यावर सांग पोराला.” भित्रा होता. त्याच्याशेजारी एक आयुष्य काढलं, पुरे झालं.

६. सांगितलं पोराला. नेरेओ म्हणाला, “बाबांना आता बोलता येत नाही, तेव्हा त्यांच्यावर ढकलतेस? लाज वाटू दे, आई.” तेव्हापासून दर रविवारी येतो, जेवतो, आणि मला गाडीला हात लावू देत नाही.

अपघातातल्या गाडीचा तो तोपे माझ्या कपाटात तेलकट फडक्यात आहे. तो नेरेओला. भरून झालं की झाकणापासून नळकांड्याच्या कडेपर्यंत मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढते. ती अजून अखंड आहे, म्हणजे माझ्यानंतर तो कोणी उघडलेला नाही. त्याने तो यादिरा आणि लिब्रादो यांच्या देखत उघडावा. आधी व्हॉल्व्हमधून उरलासुरला वायू सोडावा, घाई करू नये, झाकण तोंडावर येतं. मग झाकण आत दाबून ते अडवून धरणारी सर्क्लिप काढावी, दांडा ओढावा आणि सील हातात घेऊन बघावीत. वेल्डच्या बाजूला कोळसा झालेला असेल, दुसऱ्या बाजूला रबर धड असेल. माझ्या हाताची चूक एकाच बाजूने जळत नाही. हे त्याला कळेल. त्याला हे काम मीच शिकवलं.

७. मग जिवंतपणीच का नाही उघडलंत, असं यादिरा विचारेल. उघडता आलं असतं. पण तो रडला असता, त्याने माझे हात धरले असते, आणि मी आई आहे, तिथेच विरघळले असते. ते मला नको. मी अकरा वर्षं जे गिळलं ते त्याने जन्मभर गिळावं. माझी माफी मागायची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही.

साक्षीदार क्रमांक एक, माझी शेजारीण एउलालिया, हे वाचून म्हणाली, “अगं, शेवटचं खोड. पोटचं पोर आहे.” खोडलेलं नाही.

सही: ओतिलिया मुरिल्यो सेसेन्या
साक्षीदार: १. एउलालिया आर्से ओहेदा (नाइलाजाने)
२. प्रिमितिवो विल्याविसेन्सियो, शिक्षक
ओहोस नेग्रोस, ४ नोव्हेंबर २०१९