प्रेसच्या बोर्डावरची चिप

वाळूज, संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सार्थक,

मामाचे आशीर्वाद. इकडं सगळे ठीक. ताई फोनवर सांगत होती, तू जेवत नाहीस, दिवसभर वही उघडून सर्किट तपासत बसतोस. पाचोडला घरी बसून आता काय सापडणार? वरातीमागून घोडं.

शौकतभाईला दवाखान्यातून सोडलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. वीस वर्षं पत्रा दाबायची प्रेस चालवलेला माणूस आता डाव्या हातानं चहा पितो. म्हणाला, "भाऊ, कसम से, बटनाला हातच नाय लावला. लाइट गेली व्हती म्हणून अडकलेला पत्रा काढीत व्हतो. लाइट आली अन् प्रेस खालीच आली." खरंच बोलतोय तो.

तुला चारचौघांत मला शिकवायची भारी हौस. प्रेसचा नवा बोर्ड करताना कंट्रोलरचे पाय कमी, प्रेसचे वॉल्व्ह सोळा, म्हणून थोड्या पायांवर सगळे वॉल्व्ह चालवणारी आपली नेहमीची ड्रायव्हर चिप मी सांगितली. बारा वर्षं आपले दिव्यांचे बोर्ड तिच्यावर चालले. तू काय म्हणालास? "मामा, लाइट येताच ही काय चालू करंल सांगता येत नाय. दिवा चुकून लागला तर चालतंय, प्रेसला नाय चालत." कंट्रोलर सुरू होईपर्यंत सगळं बंद ठेवणारी चिप तू ड्रॉइंगमध्ये टाकलीस. पोरं हसली, शेठनं तुझी पाठ थोपटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तू डेंग्यूनं आठ दिवस पडलास, तेव्हा मी ड्रॉइंग बदललं. जुनीच चिप. नाव तुझंच राहू दिलं. प्रेस नीट चालली असती, तर सगळ्यांसमोर सांगणार होतो.

अपघातानंतर बोर्ड सीलबंद झाला, तू तो पाहिलाच नाहीस. शुक्रवारी तपासाला साहेब आले. चिप कुणी निवडली, विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. मला लाज वाटली, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, भीती जास्त वाटली. तुझं मूळ ड्रॉइंग मी कॉम्प्युटरवरून पुसलंय. वहीतलं कुणी मानत नाही, साहेबांना सहीचा कागद लागतो.

शौकतभाईलाही तुझंच नाव कळलंय. "आपलं पोरगं व्हतं ना ते," एवढंच म्हणाला. त्याला भेटायला येऊ नकोस.

तुझं सर्किट बरोबर होतं, सार्थक. ताईचा लेक म्हणून एवढं तुला कळवलं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आता दोन घास खात जा.

सही करत नाही.

तुझा मामा